फेलोशिप रखडलीय, आंदोलन करतोय. नुसता ट्रेंड चालवून काही होतं का?

रानवाट_९४:
सात महिने झाले पीएचडीची फेलोशिप आली नाही. आम्ही चाळीसेक जण धरणं धरायचं म्हणतोय, पण ग्रुपवर निम्मे म्हणतात आधी ट्विटरवर ट्रेंड करू, निम्मे म्हणतात त्यानं काही हलत नाही, आणि मेसचं बिल तर थकलंच आहे. कुणी असं आंदोलन जवळून पाहिलंय का?

शाईपेन:
मी २०१५ ला दिल्लीत होते, ऑक्युपाय यूजीसी हे विद्यापीठ अनुदान आयोगाविरुद्धचं (यूजीसी) आंदोलन चालू होतं तेव्हा. ऑक्टोबरात यूजीसीनं नॉन-नेट फेलोशिप, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षा पास नसलेल्यांना मिळणारी, बंद करायचं ठरवलं, एमफिलला महिना ५००० आणि पीएचडीला ८०००, एवढ्यावर कितीतरी पोरं दिल्लीत तग धरून होती. ती थेट आयटीओजवळ यूजीसीच्या दारात जाऊन बसली. फेसबुक-ट्विटरचा खरा उपयोग काय, तर कुणाला पोलिसांनी उचललं, आज किती जण हवेत, हे लगेच कळायचं. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं आहे ती फेलोशिप चालू राहील म्हणून सांगितलं, समिती नेमली, तरी पोरं उठली नाहीत, कारण त्यांना ती राज्य विद्यापीठांतल्यांनाही मिळायला हवी होती. ९ डिसेंबरला संसदेवर मोर्चा नेला तर लाठ्या आणि थंडीत पाण्याचे फवारे. मला अजून लागतं ते हे की राज्य विद्यापीठांची मागणी म्हणजे आपल्याच पोरांची होती, आणि गावाकडच्या माझ्या मैत्रिणींना तिचा पत्ताच नव्हता, माझ्या वॉलवरच्या सगळ्या पोस्टी इंग्रजी नाहीतर हिंदीत. तुम्ही मराठीत लिहा रे, घरच्यांना वाचता येईल असं.

कोरडवाहू:
ट्रेंडला इतकं कमी लेखू नका. त्याच ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत विट्स विद्यापीठानं फी १०.५ टक्के वाढवायचं काढलं, १४ तारखेला पोरांनी गेट अडवले आणि फीज मस्ट फॉल (फी कमी झालीच पाहिजे) हा हॅशटॅग एका विद्यापीठातून दुसऱ्यात पोचत गेला. २३ तारखेला राष्ट्राध्यक्ष झुमांना २०१६ साठी शून्य टक्के वाढ जाहीर करावी लागली.

शाईपेन:
हो, पण गेट अडवले होते ना.

रानवाट_९४:
ताई, पटलं. सोमवारी बसतोय. दोघांना फक्त फोनचं काम देतो, आणि कुणाचे किती महिने थकलेत ते रोज मराठीत टाकू.