खालच्या मजल्यावरची माणसे : ‘डाउनटन ॲबी’ पाहतानाचे अनुभव

‘डाउनटन ॲबी’ ही ब्रिटिश मालिका सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झाली आणि ५२ भागांनंतर २०१५ च्या नाताळात संपली. टायटॅनिक बुडाल्यामुळे क्रॉली घराण्यापुढे उभा राहिलेला वारसाचा पेच सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे मात्र वरच्या दिवाणखान्याबद्दल नव्हे, तर खाली राबणाऱ्यांपैकी कोण आपल्या मनात राहिले आणि का, ते प्रत्येकाने लिहावे.

*

माझी आई अनेक वर्षे लोकांच्या घरी पोळ्या करीत असे. स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर यांची दृष्टी अधू होत जाते, काम जाईल या धास्तीने त्या ते लपवतात, सारा राग हाताखालच्या बिचाऱ्या डेझीवर काढतात आणि अखेर साखरेऐवजी मीठ पेरलेला गोड पदार्थ पाहुण्यांपुढे जातो, तो भाग आम्ही दोघींनी एकत्र पाहिला. आई शांतपणे म्हणाली, “मी मिठाच्या डब्याला रबर लावून ठेवायचे.” मोतीबिंदू वाढत असताना वर्षभर तिने ही गोष्ट कोणालाही कळू दिली नव्हती, डबा ती बोटांनी ओळखत असे आणि पोळी वासावरून उलटत असे. त्या वर्षी ती सतत चिडचिड करीत असे, एवढेच मला आठवत होते. मिसेस पॅटमोर यांना मालकांनी शस्त्रक्रियेसाठी लंडनला पाठवले. आईने चार घरांतून उचल घेतली आणि ती सात महिने पगारातून फेडली.

*

मला नेमका तो कनवाळू मालकच खटकतो. लेखक ज्युलियन फेलोज हे २०११ पासून हुजूर पक्षाचे उमराव आहेत आणि त्यांच्या लेखणीतला लॉर्ड ग्रँथम बहुतेक वेळा ऐन प्रसंगी विरघळतो. पहाटे सर्वांच्या आधी उठून शेगड्या पेटवणाऱ्या मुलीची बाजू दिसते खरी, पण तिचा थकवा फारसा दिसत नाही. (सहाच्या सहा पर्वे मी पाहिली, हेही कबूल करतो.)

*

ग्वेन ही मोलकरीण टपालाने टंकलेखन शिकते आणि तिच्या खोलीतील यंत्राचा बोभाटा होतो. मी टायपिंगच्या वर्गाला जात असे तेव्हा घरी शिवणवर्गाचे नाव सांगितले होते. इंग्रजी ३० चे प्रमाणपत्र हाती आल्यावरच खरे सांगितले, आणि तेही वडील जेवायला बसल्यावर, कारण पानावरून ते उठत नसत.

*

इंग्लंडमध्ये मुलाकडे असताना आम्ही मालिकेचे चित्रण झालेला हॅम्पशरमधील हायक्लेअर कॅसल पाहायला गेलो. जिना, ग्रंथालय आणि भोजनगृह पडद्यावर होते तसेच आहे. मला मात्र स्वयंपाकघर, ते लांब जेवणाचे मेज आणि भिंतीवरील घंटांची रांग पाहायची होती. ते सर्व लंडनमधील ईलिंग स्टुडिओत उभारलेले नेपथ्य होते, असे तेथे समजले. तरीही तळघराकडे जाणारा जिना दिसताच मी मोठ्या आशेने उतरले. खाली इजिप्तचे प्रदर्शन होते. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्याच्या शोधासाठी या वाड्याच्या मालक घराण्यातील कार्नार्व्हनच्या पाचव्या अर्लने (उमरावाने) पैसा पुरवला होता. घंटा शोधत गेलेली मी काचेआडच्या पुरातन वस्तूंसमोर उभी होते, आणि मुलगा वरून विचारत होता, “सापडलं का गं स्वयंपाकघर?”