डायनोसॉर झाले, आता त्याहून विचित्र प्राणी सुचवा

मृण्मयी_
भाची दहा वर्षांची आहे. डायनोसॉर तोंडपाठ झालेत, आता "याहून विचित्र कोण होतं?" म्हणून मागे लागलीये. रोज रात्री एक प्राणी, त्याची गोष्ट आणि वहीत चित्र असा बेत आहे. नुसती लांबी-वजनं नकोत. सुरुवात कुणापासून करू?

कातळखूण
हॅलुसिजेनिया! डोळे मिटून. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांनी भरलेल्या खडकातला, सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचा, बोटाच्या पेराएवढा समुद्री जीव. १९७७ साली जीवाश्मतज्ज्ञ सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तो टोकदार काट्यांवर चालतो आणि पाठीवर मऊ शुंडा आहेत असं वाटलं होतं. १९९१मध्ये चीनमधल्या त्याच्या भाऊबंदांवरून कळलं की शुंडा हेच पाय, काटे पाठीवरचे. म्हणून भाचीला आधी १९७७चं चित्र काढू द्या, मग वही उलटी धरा. एवढ्यावर संपत नाही. ज्या गोळ्याला डोकं समजत होते तो कुजताना मागून बाहेर आलेल्या द्रवाचा डाग निघाला. खरं डोकं दुसऱ्या टोकाला, दोन बारीक डोळ्यांसकट, २०१५ साली सापडलं.

शंखनाद७
+१. दुसऱ्या रात्री हेलिकोप्रिऑन, शार्कसारखा एक प्राचीन मासा. डासांच्या कॉईलसारखं दातांचं वेटोळं. सांगाडा हाडांऐवजी मऊ कूर्चेचा, त्यामुळे बहुतेक दातच उरले आणि ते बसवायचे कुठे हाच प्रश्न. १८९९ साली रशियन भूशास्त्रज्ञ कार्पिन्स्की यांनी ते वरच्या जबड्यातून नाकावर वळवलं होतं. नंतर कुणी पाठीवर लावलं, कुणी शेपटीवर. २०१३च्या सीटी स्कॅनमध्ये ते खालच्या जबड्यात नीट बसलेलं दिसलं. यातलं मला सगळ्यात आवडतं ते हे: जुने दात पडत नसत, आत ढकलले जात. म्हणजे मधले इवलेसे दात त्याच्या लहानपणचे. दुधाचे दात नुकतेच पडलेल्या मुलीला हे नक्की सांगा.

अश्मक
टली मॉन्स्टरही घ्या, पण शेवटी. अमेरिकेतल्या इलिनॉयमधला, सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्री प्राणी, आडव्या दांडीच्या टोकांवर डोळे. त्याला पाठीचा कणा होता की नाही यावर अजून वाद आहे. पहिल्याच रात्री उत्तर नसलेली गोष्ट नको.

मृण्मयी_
काल हॅलुसिजेनिया केला. वही उलटी केल्यावर ती मिनिटभर गप्प होती. नवं डोकं काढलं, पण जुनं खोडू देत नाहीये. शेजारी "डाग" असं लिहून ठेवलंय.