ब्लू पिलवर फ्रीआरटीओएस: एकही टास्क संपत नाही, तरी टास्क-एक्झिट-एररमध्ये अडकतंय

पिन_तेरा
फ्रीआरटीओएस (अनेक कामं, म्हणजे टास्क, आलटून-पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) बसवतोय. बोर्ड ब्लू पिल, चिप एसटीएम३२एफ१०३सी८ (६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम). क्यूबएमएक्समधून (एसटीचं कोड बनवणारं साधन) एचएएलचा (एसटीची हार्डवेअर लायब्ररी) रिकामा प्रोजेक्ट काढून फ्रीआरटीओएसचा मूळ कर्नल (गाभा) हाताने जोडतोय: टास्क्स.सी, क्यू.सी, लिस्ट.सी, हीप_४.सी आणि जीसीसीच्या एआरएम_सीएम३ फोल्डरमधली पोर्ट.सी. बिल्ड एकदम साफ. पण शेड्युलर (टास्कची पाळी ठरवणारा भाग) सुरू केला की सगळं ठप्प. डीबगरने थांबवलं तर प्रोसेसर पोर्ट.सीमधल्या टास्क-एक्झिट-एरर फंक्शनात सापडतो. दोन्ही टास्कमध्ये अनंत लूप आहे, रिटर्न कुठेच नाही. मग हे का?

जुना_ओहम
नावावर जाऊ नका, टास्कचा दोष नाही. पहिला टास्क सुरू करायला पोर्ट.सी एसव्हीसी सूचना (कर्नलच्या हँडलरला बोलावणारी प्रोसेसरची सूचना) टाकते. क्यूबने बनवलेल्या ..._आयटी.सी फाइलमध्ये एसव्हीसी_हँडलर आधीच आहे आणि तो रिकामा आहे. त्यामुळे एसव्हीसी काही न करता परत येते, आणि कोड पुढे घसरत तुम्हाला दिसतंय त्या सापळ्यात पडतो. (ती फाइल नसती तर स्टार्टअपमधल्या डिफॉल्ट_हँडलरमध्ये अडकलं असतं.)

फ्रीआरटीओएसकॉन्फिग.एचमध्ये तीन डिफाइन हवेत: व्हीपोर्ट-एसव्हीसी-हँडलरला एसव्हीसी_हँडलर, एक्सपोर्ट-पेंडएसव्ही-हँडलरला पेंडएसव्ही_हँडलर (टास्क बदलणारा) आणि एक्सपोर्ट-सिसटिक-हँडलरला सिसटिक_हँडलर (ठरावीक वेळाने येणाऱ्या टिकचा). आता लिंकर डुप्लिकेटची तक्रार करेल, म्हणून आयटी.सीतली तिन्ही फंक्शनं काढा. हाताने काढलीत तर पुढच्या जनरेटला परत उगवतील. क्यूबच्या एनव्हीआयसी (इंटरप्टच्या सेटिंग्ज) पानावर कोड जनरेशनमध्ये या तिघांसमोरची हँडलर बनवण्याची खूण काढा.

त्याच वेळी सिस पानावर एचएएलचा टाइमबेस (वेळ मोजणारा टायमर) सिसटिकवरून टिम४वर न्या. नाहीतर एचएएल सुरुवातीलाच सिसटिक चालू करतं, कर्नलच्या याद्या तयार नसताना टिक येतो आणि प्रोग्राम कुठेही भरकटतो. शिवाय एचएएलचा काउंटर वाढत नाही, म्हणून एचएएल_डिले कायमचा अडकतो.

कॉन्फिग_असर्ट (चूक दिसली की जागीच थांबवणारी तपासणी) चालू ठेवा. अलीकडच्या आवृत्त्यांत हँडलर जोडलेत की नाही हे कर्नल स्वतःच तपासतो, पण असर्ट असेल तरच.

पिन_तेरा
चाललं, आभार. आता दोन गोष्टी. ५०० मिलिसेकंदांचा डिले साडेचार सेकंद घेतो. आणि यूएसएआरटी१वर पहिला बाइट आला, इंटरप्टमधून सेमाफोर (टास्कला जागं करणारा इशारा) दिला, की पोर्ट.सीच्या इंटरप्ट-प्रायॉरिटी तपासणीत असर्ट लागतो.

रजिस्टर_वाचक
साडेचार सेकंद म्हणजे बरोबर ९ पट. कॉन्फिगमध्ये ७२ मेगाहर्ट्झ लिहिलंय, चिप मात्र आतल्या ८ मेगाहर्ट्झवर धावतेय. बाहेरचा ८चा क्रिस्टल, पीएलएल (क्लॉक वाढवणारं सर्किट) ९ पट, फ्लॅशला २ वेट स्टेट (वाचताना थांबायचे क्लॉक), एपीबी१ला (हळू पेरिफेरल बस) २ने भाग: हे क्यूबमध्ये लावा. कॉन्फिग_सीपीयू_क्लॉक_एचझेडला कच्चा आकडा न देता सिस्टिमकोअरक्लॉक द्या. यूएआरटीवरून हे कळत नाही, कारण एचएएल बॉड रेट प्रत्यक्ष क्लॉकवरून काढतं.

असर्टचं कारण प्रायॉरिटी ०. या चिपमध्ये प्रायॉरिटीचे ४ बिट आहेत, ० ते १५, आकडा लहान तितका मान मोठा. कर्नलची हद्द ५ धरली तर यूएसएआरटी१ला ६ द्या; नावात फ्रॉमआयएसआर असलेली फंक्शनं ५ ते १५मधूनच बोलवायची. पण कॉन्फिग_मॅक्स_सिसकॉलमध्ये नुसते ५ लिहू नका. ते बिट बाइटच्या वरच्या अर्ध्यात असतात, म्हणून ५ चार जागा डावीकडे सरकवून ८०. नुसत्या ५चे वरचे बिट शून्य होतात, बेसप्राय (कोणते इंटरप्ट रोखायचे ती हद्द ठेवणारं रजिस्टर) शून्य होतो आणि क्रिटिकल सेक्शन (इंटरप्ट रोखून चालवायचा भाग) नावापुरतं उरतं. असर्ट नसेल तर हा दोष कधीतरी, भलत्याच ठिकाणी उगवतो.

जुना_ओहम
पुढचा अडथळा बहुधा स्टॅक. टास्क बनवताना दिलेले १२८ हे बाइट नव्हेत, वर्ड (४ बाइटचा एक): ५१२ बाइट. एसप्रिंटएफमध्ये दशांश छापायला ते पुरणार नाहीत, ३८४पासून सुरू करा आणि हाय-वॉटर-मार्क (स्टॅकमध्ये कमीत कमी किती जागा उरली होती) बघून उतरवा (तोही वर्डमध्येच येतो). २० केबीत हीपला (टास्कना मेमरी देणारी जागा) १० केबी ठीक. शेड्युलरचं फंक्शन परत आलं तर आयडल टास्कलाही (दुसरं काम नसताना चालणारा) जागा मिळाली नाही असं समजा.

आणि मेनमधला लोकल बफर टास्कला पॉइंटरने देत असाल तर तो स्टॅटिक करा. शेड्युलर सुरू होताना मुख्य स्टॅक पॉइंटर पुन्हा वर नेला जातो आणि तीच जागा इंटरप्ट वापरतात. बफर सुरुवातीला शाबूत दिसतो, यूएआरटीचे इंटरप्ट वाढले की कचरा होतो.