मदत हवी आहे: 1861 च्या लंडनमधला फोटो स्टुडिओ

एकांकिका लिहितोय. लंडनच्या गरीब वस्तीत समोरासमोर दोन फोटोवाले. दोघांचेही दलाल दारात उभे, येणाऱ्या-जाणाऱ्याची बाही धरून आत ओढणारे, "सहा पेन्सात तसबीर!" मेयॉल या फोटोग्राफरने 1860 मध्ये राजघराण्याच्या छोट्या कार्ट-छायाचित्रांचा (पुठ्ठ्यावर चिकटवलेले, व्हिजिटिंग कार्डाएवढे कागदी फोटो) अल्बम विकायला काढला आणि ती टूम गल्लीबोळात पोचली, तिथून नाटक सुरू होतं.

काचेवरची तसबीर गिऱ्हाईक लगेच घेऊन जाई, हे माहीत आहे. कार्टसाठी मात्र निगेटिव्हवरून अल्ब्युमिन (अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या) कागदावर उन्हात छपाई करावी लागे, म्हणजे गिऱ्हाइकाला नंतर पुन्हा यावं लागणार. त्या काळच्या फोटोवाल्यांच्या मुलाखती आणि जुन्या जाहिराती वाचून झाल्या. दलालांची भाषा भरपूर सापडली, पण पैशांच्या व्यवहारावर काहीच नाही. श्रीमंतांच्या स्टुडिओंची माहिती नकोय, ती ढिगाने आहे. विजेच्या दिव्याचा उपाय सुचवू नका. व्हॅन डर वाइडचा विजेवरचा स्टुडिओ थेट 1877 चा.

अडलंय ते इथे: डिसेंबरच्या दाट धुक्यात असा स्वस्तातला फोटोवाला दुकान बंद ठेवायचा, की जास्त वेळ बसवून फोटो काढायचाच? आणि कार्टचे पैसे आगाऊ घ्यायचा की माल हातात दिल्यावर?