पार्किन्सन्सच्या रुग्णाला मेलाटोनिन द्यावे का?

प्रश्न
माझ्या वडिलांना पार्किन्सन्स असून ते झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात आणि एकदा पलंगावरून पडलेही आहेत. मेलाटोनिनमुळे (झोपेचे चक्र सांभाळणारे संप्रेरक) झोपेबरोबर मूळ आजारालाही आळा बसतो, असे एका नातेवाइकांनी सांगितले. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर १
ही लक्षणे आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डरची वाटतात. आरईएम म्हणजे स्वप्ने पडण्याच्या झोपेत एरवी स्नायू शिथिल असतात. ती शिथिलता या विकारात नाहीशी होते आणि रुग्ण स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात करू लागतो. यासाठी निद्रातज्ज्ञ झोपण्यापूर्वी साधारण ३ ते १२ मिलिग्रॅम मेलाटोनिन देतात, कारण यावरच्या दुसऱ्या औषधामुळे, क्लोनाझेपाममुळे, वृद्धांचा तोल जाण्याची आणि मानसिक गोंधळ वाढण्याची भीती असते. मात्र पार्किन्सन्समध्ये होणारा मेंदूतील पेशींचा ऱ्हास मेलाटोनिनने थांबतो, हे माणसांमध्ये सिद्ध झालेले नाही. तशा आशेचा आधार मुख्यतः प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. नातेवाइकांचे म्हणणे अर्धेच खरे.

उत्तर २
सहमत आहे, पण गोळीच्या दर्जाकडे दुर्लक्ष नको. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका तपासणीत ३१ उत्पादनांमधील मेलाटोनिन लेबलवरील प्रमाणापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त आढळले होते. वडील फ्लुवोक्सामाइन (नैराश्यावरील औषध) किंवा रक्त पातळ करणारे औषध घेत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टना ते आधी सांगावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी आणणार नाही.

उत्तर १
योग्य. तोवर पलंगाच्या कडेला जमिनीवर गादी अंथरावी आणि जवळचे टोकदार सामान हलवावे.