नळदुर्गला आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

येत्या शनिवारी सोलापूरहून नळदुर्गचा किल्ला बघायला निघतोय. सोबत आई. वय ७२, गुडघे कुरकुरतात; पण किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पडणारा नर-मादी धबधबा चालू असताना बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उभं राहायचंच, असा हट्ट. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला तो बंधारा, बाहेर बोरी नदीचं पाणी धो-धो कोसळतंय आणि खिडकीशी उभं राहिलं तरी आपण कोरडे, हे तिनं शाळेच्या सहलीत पाहिलंय. उपळी बुरूज मी एकटाच चढेन, तिला खाली सावलीत बसवून.

सध्या सांडव्यावरून पाणी पडतंय का? महालात उतरायच्या पायऱ्या शेवाळल्यात का, धरायला काही आहे का? दरवाजापासून बंधाऱ्यापर्यंत चालावंच लागतं की काही वाहन मिळतं? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा. डबा घरूनच नेतोय, त्याची काळजी नाही.