जिन्यातील ट्यूबलाइट बदलताना चोक ठेवावा की काढावा?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या जिन्यांत ३६ वॉटच्या २४ जुन्या ट्यूबलाइट असून त्या रोज रात्री १२ तास चालू असतात. आहे त्याच पट्ट्यांत एलईडी ट्यूब बसवाव्यात की पट्टीसकट सर्व बदलावे, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे. बचत नेमकी किती होईल?

उत्तर १ : ट्यूब ३६ वॉटची असली, तरी जुना जड चोक स्वतः आणखी १०-१२ वॉट खातो, आणि हा आकडा बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे आज प्रत्येक दिव्यामागे सुमारे ४८ वॉट खर्च होतात. २० वॉटची एलईडी घेतल्यास २८ वॉट वाचतील. २४ दिव्यांचे मिळून रोज सुमारे ८ युनिट.

उत्तर २ : जुनी पट्टी ठेवायची असल्यास इलेक्ट्रिशियनकडून चोक व स्टार्टर काढून घ्यावेत. काही एलईडी ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, तर काहींना दोन टोकांना, त्यामुळे खोक्यावरील आकृती न पाहता जोडणी केल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते. माझ्या मते होल्डर सैल झालेल्या जुन्या पट्ट्यांवर मजुरी घालवण्यापेक्षा अखंड एलईडी बॅटन (पट्टी व दिवा एकत्र असलेला संच) लावणे शहाणपणाचे.

उत्तर ३ : काढलेल्या ट्यूब फोडू नयेत. त्यांत पारा असतो आणि नियमानुसार त्या ई-कचऱ्यात मोडतात.